सुसाट वहिनींची सरकारी मोजणी

आमच्या आणि सुसाट वहिनींच्या घरात एकच भिंत आहे, तीही एका विटेची. त्यांच्याकडे कुणी शिंकलं तर आमची ही इकडून विचारते, "काढा करून देऊ का?" मी भिंतीला कान लावून बसतो असं चाळीतले लोक बोलतात, ते साफ खोटं आहे. कान लावावा लागतच नाही.

'सुसाट' हे नाव मीच ठेवलं. ते कारखान्यात कसं पोचलं ते विचारू नका, कारण कारखान्यात मीही असतो. वहिनी शर्टाच्या कॉलरी शिवतात आणि मी त्याच ओळीच्या शेवटी इस्त्रीवर. कॉलर म्हणजे कापडाचे दोन तुकडे, मध्ये कडक अस्तर, तीन बाजूंनी शिलाई. मग टोकं छाटायची, उलटवायची, आणि वरून पुन्हा शिलाई. चांगला कारागीर याला दीड मिनिट घेतो. वहिनींना पन्नास सेकंद लागतात. बावीस वर्षं त्या अशाच शिवतात, तशाच जेवतात आणि तशाच बोलतात. समोरच्याचं "नमस्कार" पूर्ण व्हायच्या आत यांचं सगळं बोलून झालेलं असतं.

आणि नवरा? घड्याळं दुरुस्त करणारा. भाऊ इतके सावकाश की मी एकदा माझं मनगटी घड्याळ त्यांच्याकडे दिलं, ते परत मिळेपर्यंत तसली घड्याळं निघायची बंद झाली होती. दोघं फिरायला निघाली की वहिनी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतात आणि भाऊंना सोबत घेऊन पुन्हा निघतात.

या वेगाचा वहिनींना अभिमान होता, आणि ओळीला त्रास. आमचा लाइनमास्तर मोबाइलचं घड्याळ लावून त्यांच्या मागे उभा राहायचा आणि मग बाकीच्यांवर ओरडायचा, "तिला पन्नास सेकंद लागतात, तुम्हाला काय हात नाहीत?" दिवसाचं टार्गेट त्यांच्या वेगावर ठरायचं. ते पुरं करायला खिसे लावणारी बाई पाणी प्यायची नाही, कारण पाणी प्यायलं की उठावं लागतं.

मग सरकारने नवा नियम काढला. आमचे शर्ट परदेशातल्या दुकानांत जातात. तिथे माल पाठवायचा तर तो शिवणाऱ्याला पिळून शिवलेला नाही असा शिक्का हवा, आणि त्या शिक्क्यासाठी मोजणी. सरकारी माणूस येणार, घड्याळ लावणार, एका कॉलरीला किती वेळ लागतो ते बघणार. कॉलर हे शर्टातलं सगळ्यात किचकट काम, म्हणून तिच्या वेळेच्या हिशेबाने बटणापासून खिशापर्यंत सगळ्यांच्या वेळा बसवणार. त्यावर मजुरी आणि त्यावरच टार्गेट. एकदा वेळ ठरली की मालकाने त्याहून कमी धरायची नाही.

आम्ही हरखलो. त्यातही गंमत अशी, की मोजणी कुणाची करायची हे मालकाने ठरवायचं नव्हतं. ठरवू दिलं असतं तर त्याने कुणाला बसवलं असतं ते सांगायला नकोच. सरकारने तिथेही डोकं चालवलं होतं: कॉलर शिवणाऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि सगळ्यांसमोर एक उचलायची.

नऊ चिठ्ठ्या बटणांच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. उचलायला काजवाल्या मावशींना बोलावलं. मावशी काज करतात, ओळीत सगळ्यात जुन्या, आणि कामगारांच्या बाजूने बोलायचं झालं की सगळे त्यांनाच पुढे करतात. त्यांनी डोळे मिटून हात घातला, चिठ्ठी उघडली, वाचली आणि पुन्हा मिटली. कुणी तरी म्हणालं, "मावशी, सांगा ना!"

मावशींनी सुसाट वहिनींकडे पाहिलं.

लाइनमास्तरने त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मालकाला पैसे चारून जमलं नसतं ते चिठ्ठीने फुकटात केलं होतं. तो चहा कुणाच्याही घशाखाली उतरेना.

संध्याकाळी मावशी वहिनींच्या घरी आल्या. भिंत एका विटेची आहे हे मी सांगितलंच आहे.

"तू पन्नास सेकंदांत शिवलीस ना," मावशी म्हणाल्या, "तर एकसष्ट माणसांना आयुष्यभर पन्नास सेकंदांत पळावं लागेल. आणि आता सरकारी शिक्क्यानिशी. दाद कुठे मागायची?"

"मग मी काय करू मावशी? मुद्दाम रेंगाळू? सरकारी माणसासमोर?"

"मुद्दाम नाही गं. माणसासारखी शीव."

"मी माणसासारखी शिवत नाही?"

"नाही," मावशी म्हणाल्या आणि चहा न घेता गेल्या.

मग वहिनींचा आवाज आला, "अहो, तुम्ही सावकाश कसं करता हो?"

भाऊंनी विचार केला. आमची भाजी शिजली तरी ते विचारच करत होते. शेवटी म्हणाले, "मी सावकाश कुठे करतो?"

मोजणीला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत त्या बाईने सावकाश व्हायचा जो आटापिटा केला तो पाहून हसावं की रडावं कळेना. भाजी चिरताना त्या मोठ्याने आकडे मोजायच्या, एका तुकड्याला दहा. पण दहापर्यंतचे आकडेच इतक्या झपाट्याने मोजायच्या की भाजी नेहमीपेक्षा लवकर चिरून व्हायची. आमच्या हिने त्यांना जिना सावकाश चढायला लावला. दोन पायऱ्या झाल्या की तिसरीवर पाय आपोआप उडी घ्यायचा. मी म्हटलं, "वहिनी, लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखं चाला. काहीच काम नसल्यासारखं."

"भावजी, तुम्हाला थट्टा सुचते," त्या म्हणाल्या. "इथे हात माझं ऐकतच नाहीत. कापड दिसलं की सुटतात."

ते खरं होतं. कारखान्यात त्या ओठ आवळून, मान ताठ धरून पहिल्या दोन कॉलरी सव्वा मिनिटात करायच्या. तिसरीला डोक्यात दुसरा विचार आला की पन्नास सेकंद. खिसेवाली एकदा त्यांच्याजवळ येऊन नुसती उभी राहिली. त्या दिवशी वहिनी जेवल्या नाहीत.

आदल्या संध्याकाळी भाऊंनी त्यांना शेजारी बसवून घेतलं. पुढ्यात एक उघडं घड्याळ होतं. "हे बघ," ते म्हणाले, "मी स्क्रू फिरवतो. मग चिमटा खाली ठेवतो. मग बघतो. मग चिमटा उचलतो."

"पण ठेवता कशाला? पुन्हा उचलायचाच आहे तर?"

"ठेवल्याशिवाय दिसत नाही."

"मला शिवताना बघावं लागत नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

मोजणीबाई सकाळी नऊला आली. आम्ही कुणी तरी जाडजूड साहेब येणार म्हणून धरून चाललो होतो. ही पंचविशीतली, पाठीला पिशवी, गळ्यात दोरीला लावलेलं घड्याळ. तिने आधी भिंतीवरचा नियमांचा तक्ता वाचला. तो तक्ता आजवर कुणी वाचल्याचं मी पाहिलं नव्हतं. मग खुर्ची ओढून ती वहिनींच्या शेजारी बसली. दहा कॉलरी मोजायच्या होत्या. मालक लांब खिडकीपाशी, लाइनमास्तर मागे. एकसष्ट माणसं आपापल्या मशीनवर मान खाली घालून काम करत असल्याचं दाखवत होती. मी एकाच शर्टावर पाच वेळा इस्त्री फिरवली.

"तयार?" मोजणीबाईने विचारलं.

वहिनींनी मान हलवली आणि तिने घड्याळाची कळ दाबली.

आठ दिवसांची मेहनत त्या कळेच्या आवाजासरशी उडाली. घाबरलेलं माणूस सवयीचंच करतं. वहिनींचे हात सुटले ते थेट कॉलर ट्रेमध्ये पडेपर्यंत थांबले नाहीत. त्यांनी वर पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सत्तेचाळीस," मोजणीबाई म्हणाली.

आजवरचा विक्रम! लाइनमास्तरच्या तोंडून "वा!" निघून गेलं. मावशींनी काज तसंच अर्धवट सोडलं. मला वाटलं, झालं, आता म्हातारपणापर्यंत पळा.

मोजणीबाई मात्र घड्याळाकडे बघत नव्हती. ती मशीनकडे वाकून बघत होती. "हिची जाळी कुठे आहे?"

सुईपुढे बोटं जाऊ नयेत म्हणून तारेची एक छोटी जाळी असते. ती सगळ्या मशीनांना यायची आणि सगळ्या मशीनांवरून पहिल्याच दिवशी उतरायची, कारण जाळी लावली की टार्गेट होत नाही.

"आहे ना मॅडम," लाइनमास्तर पुढे झाला. "जाळी आहे. डब्यात नीट जपून ठेवलीय."

"सुईपण डब्यात ठेवता का?"

मागून कुणी तरी फिसकन हसलं. मी होतो.

तिने 'सत्तेचाळीस'वर आडवी रेघ मारली. तक्त्यातल्या सातव्या कलमावर बोट ठेवून म्हणाली, "जाळीशिवाय केलेली मोजणी धरता येत नाही. लावा जाळी."

जाळी लागली आणि आमच्या वहिनींचं सगळं गणित बिघडलं. त्यांचं डावं बोट सुईच्या केसभर अंतरावरून कापड फिरवायचं. आता ते बोट दर वेळी तारेवर आपटू लागलं. कॉलरीचं टोक जाळीत अडकलं. एकदा दोरा तुटला. त्या ओवायला गेल्या तर दोरा नेढ्यात जाईना. ज्या बाईने बावीस वर्षं न बघता दोरा ओवला ती डोळे बारीक करून, दोऱ्याचं टोक ओलं करून बसली होती. पहिली कॉलर दीड मिनिटाच्या वर. दुसरी तेवढीच.

मोजणीबाईला दया आली. ती हळूच म्हणाली, "घाबरू नका ताई. सवय होईल हळूहळू. नव्या आहात का कामाला?"

हॉलमधल्या एकसष्ट माणसांनी कान टवकारले. होय म्हणावं तर मोजणी रद्द, कारण मोजणीला तीन वर्षं जुना माणूस लागतो. मग पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि पुढच्या खेपेला लाइनमास्तर जाळी लावायची सवय करून ठेवणार.

वहिनी मशीनकडे बघत म्हणाल्या, "बावीस वर्षं झाली मॅडम."

"बावीस?"

"हो."

मोजणीबाईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लांबून पाहिलं, तर वहिनींनी जवळून पाहिलंच असणार. बिचारी, बावीस वर्षांत इतकंच जमलं, असं.

खरी धास्ती पुढेच होती. पाचव्या कॉलरीपासून वहिनींच्या हातांना जाळी कळायला लागली. बोट आता आपटेना, ते वळण घेऊ लागलं. दीडची सव्वा झाली, सव्वाची एक मिनिट दहा. लाइनमास्तर हात चोळू लागला. मावशी खोकल्या. मग खिसेवाली खोकली. मग हॉलभर खोकल्याची साथच आली. मोजणीबाई म्हणाली, "इथे कापसाची धूळ फार आहे वाटतं," आणि तेही लिहून घेतलं.

आठव्या कॉलरीला वहिनींनी एक बाजू शिवली आणि दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. नुसते ठेवले. कापडाकडे पाहिलं. मग हात उचलून दुसरी बाजू शिवली. पुन्हा मांडीवर. त्या बाईचे हात मांडीवर ठेवलेले मी जन्मात पाहिले नव्हते. मला वाटलं, हिला चक्कर येतेय.

"हात का ठेवता ताई?" मोजणीबाईने विचारलं.

"दमतात मॅडम."

हे त्या सुटका म्हणून बोलल्या. पण मोजणीबाईने त्यांचं उजवं मनगट हातात घेऊन जरा वळवलं तशा त्या कळवळल्या. मनगट सुजून टणक झालं होतं. ते आम्ही सगळे रोज बघत होतो आणि कुणीच बघितलं नव्हतं. मोजणीबाईने दहा कॉलरी पुऱ्या करून घेतल्या, सरासरी काढली, आणि 'विश्रांती' नावाच्या रकान्यात पेन टेकवून सरासरीत वाढवायचे काही सेकंद भरले. तो रकाना लाइनमास्तरला कोराच बरा वाटत होता.

चार दिवसांनी फळ्यावर कागद लागला. कॉलरीची वेळ: एक मिनिट चोवीस सेकंद. मावशींनी वहिनींना मिठी मारली. खिसेवालीने तर त्यांच्या पायालाच हात लावला. त्या सगळ्या गोंगाटात वहिनी कागदासमोर उभ्या राहून खालची बारीक ओळ वाचत होत्या. मला म्हणाल्या, "भावजी, हे काय लिहिलंय बघा बरं."

मी वाचलं. "मोजणी झालेला कामगार: अनुभव बावीस वर्षे. गती: साधारण."

"साधारण म्हणजे किती खाली हो?"

"मधोमध," मी म्हटलं. "खाली नाही, वर नाही."

"अच्छा," वहिनी म्हणाल्या. आणि लाइनमास्तर, त्यांना नीट ऐकू जाईल अशा बेताने, शेजारच्याला म्हणाला, "साधारण! आणि आपण हिला इतकी वर्षं डोक्यावर घेऊन नाचत होतो."

त्याच्याखाली आणखी एक ओळ होती, ती मावशींनी वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. मालकाला वेळ मान्य नसेल तर तीस दिवसांत फेरमोजणी मागता येईल. त्यासाठी हा कामगार याहून बराच जलद आहे याचा मोजणीनंतरचा पुरावा द्यावा लागेल.

म्हणजे तीस दिवस. तीस दिवस वहिनींनी एकदाही सुटायचं नाही.

त्या तीस दिवसांबद्दल काय सांगू! लाइनमास्तर मोबाइल उभा धरून त्यांच्या आसपास घुटमळायचा, व्हिडिओ घ्यायला. कधी म्हणायचा, "वहिनी, जाळी काढून देऊ का? हाताला त्रास होतो तुमच्या." कधी शेजारच्या मशीनवर दुसऱ्या ओळीतली एक तरणीताठी बाई आणून बसवायचा आणि तिला शाबासकी द्यायचा, "बघा, याला म्हणतात हात!" ती एक मिनिट पाच सेकंदांत शिवायची. वहिनींच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या. मी तिकडून बघायचो आणि मनात म्हणायचो, सुटू नका हो, सुटू नका. त्या एक बाजू शिवायच्या आणि हात मांडीवर ठेवायच्या.

घरीही त्यांनी धास्ती घेतली. दळण आणायलासुद्धा सावकाश चालायच्या, न जाणो रस्त्यात कुणी बघेल. भाऊ आणि त्या आता बरोबरीने चालायचे. आमची ही म्हणाली, "किती छान दिसतं नाही जोडपं?" मी पाहिलं, वहिनींच्या मुठी घट्ट वळलेल्या होत्या. एकदा तर पलीकडून आवाज आला, "अहो, मी झोपेत काही शिवते का?" भाऊ म्हणाले, "पाय हलवतेस." त्या दिवशी त्या कारखान्यात दुप्पट जपून बसल्या.

एकतिसावा दिवस उजाडला. फळ्यावर नवा कागद आला नाही. मालकाने अर्ज केला नव्हता. पुराव्यात द्यायला त्याच्याकडे हात मांडीवर ठेवलेल्या बाईचे तीस व्हिडिओ तेवढे होते. मावशींनी सगळ्यांना सांगितलं, "संपलं. आता काळजी नाही." सगळे आपापल्या कामाला लागले. खिसेवाली दिवसभरात दोनदा पाणी प्यायला उठली.

मी मात्र वहिनींवर डोळा ठेवून होतो. एक महिना कोंडलेली बाई आज काय करते ते मला बघायचंच होतं. सकाळभर एक चोवीस, एक चोवीस. दुपारी, लाइनमास्तर मालकाकडे गेला होता तेव्हा, वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं, खांदे सैल केले, आणि एक कॉलर घेतली.

मी इस्त्री उभी करून भिंतीवरच्या घड्याळावर नजर लावली. जाळी जागेवर होती. बोट जाळीला वळसा घालून असं गेलं, जणू ती जाळी त्याच्यासाठीच तिथे ठेवली होती. कॉलर ट्रेमध्ये पडली. एकोणपन्नास. जाळीसकट एकोणपन्नास!

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोटांनी आकडा दाखवला. क्षणभर त्या हसल्या, आणि लगेच तोंडावर हात गेला. त्या उठून झपाझप माझ्याकडे आल्या.

"कुणी पाहिलं का भावजी?"

"कुणी नाही. आणि पाहिलं तर पाहू दे. मुदत संपली वहिनी!"

"मुदत संपली हो. पण पुढच्या वर्षी पुन्हा मोजणी नसेल कशावरून? ट्रेमध्ये एक कॉलर जास्त दिसली तर मास्तर विचारेल ना?"

"एका कॉलरीने काय कळतंय!"

"त्याला कळतं," त्या म्हणाल्या.

परत जागेवर जाऊन त्यांनी ती कॉलर ट्रेमधून काढली, कात्रीचं टोक घेतलं, आणि एकेक टाका उसवायला बसल्या. एकोणपन्नास सेकंदांत शिवलेली कॉलर उसवायला त्यांना चार मिनिटं लागली. मग तीच कॉलर त्यांनी पुन्हा शिवली. एक बाजू, हात मांडीवर. दुसरी बाजू, हात मांडीवर.

शर्ट फिरत फिरत माझ्या टेबलावर आला. कॉलरीच्या कडेला, नव्या शिलाईच्या शेजारून, पहिल्या शिलाईच्या सुईची भोकं अजून दिसत होती. बारीक, एका रेषेत, सगळी सारख्या अंतरावर. असं कापड तपासणीत नापास होतं, आणि मग कुणी शिवलं ते शोधत येतात. मी वाफेची कळ दाबली, कापड ओलसर होईपर्यंत दाबून धरली, आणि नखाने हलकेच घासून एकेक भोक बुजवलं. मग वरून इस्त्री फिरवली आणि शर्ट घडी करून ढिगाच्या मधोमध सरकवला.